दोन गावांमधला उतार

२३ सप्टेंबर १८०३ची दुपार. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली केळणा नदीच्या दक्षिण काठावर आहे आणि पलीकडे, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, शिंदे-भोसल्यांचं सैन्य उभं आहे. समोरच्या उतारावर तोफा रोखलेल्या आहेत. दुसरा उतार नाही, असं वाटाडे सांगतात. वेलस्लीला मात्र खालच्या अंगाला दोन गावं दिसतात, पिंपळगाव आणि वरूड, एक अल्याड, एक पल्याड, अगदी समोरासमोर. तो ताडतो की दोन काठांवर अशी एकमेकांकडे तोंड करून माणसं राहत असतील, तर मधून येण्याजाण्याची वाट असणारच. उतार सापडतो. संध्याकाळपर्यंत असईची लढाई संपते. त्याच्या सैन्यातलेच दीड हजारांहून अधिक लोक मेलेले किंवा जखमी झालेले असतात.

ही केळणा पुढे जाफराबादला पूर्णेला मिळते. त्याच पूर्णेच्या काठी केदारखेडा हे गाव आहे, जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात.

लढाईसाठी मी ही गोष्ट सांगत नाही. मला त्या तर्काचं अप्रूप आहे. दोन गोष्टी डोळ्यांसमोर होत्या, तिसरी कुणी सांगितली नव्हती, आणि ती तिथे होती. नुसत्या शब्दांवर चालणाऱ्या खेळाचं जग निवडताना यापेक्षा चांगली कसोटी मला सापडलेली नाही.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डिस्कॉर्डवर, टेलिग्रामवर, कधी साध्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाच-सात जण जमतात. एक जण जागा आणि प्रसंग लिहितो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय बोललं, काय केलं ते लिहीत जातात. चित्र नाही, आवाज नाही, गुण नाहीत. कथा कुठे जाणार हे कुणालाच माहीत नसतं. सुरुवात मात्र नेहमी एकाच प्रश्नाने होते: जग कोणतं घ्यायचं? मराठी मुलं हा खेळ मांडतात तेव्हा उत्तर बहुधा ठरलेलं असतं. किल्ला, पण रायगड नव्हे, युरोपातला. सराईत मद्य पिणारे बुटके, धनुष्यवाले एल्फ, एखादा ड्रॅगन. नाहीतर जपानी शाळा.

यात चूक काही नाही. पण खेळ चालू झाला की अडचण दिसते. सराईवाल्याकडे उधारी चालते का? पहाटे त्या गावात पहिलं कोण उठतं? रस्त्याने एकटी बाई चालली तर लोक काय म्हणतील? लिहिणाऱ्याला हे ताडता येत नाही, कारण त्याने ते जग दुसऱ्यांच्या खेळांत आणि सिनेमांत फक्त बाहेरून पाहिलेलं असतं. मग प्रत्येक गोष्ट ॲडमिनला विचारावी लागते किंवा तलवार उपसावी लागते. असे खेळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मारामारीवर येतात, ते पोरांना मारामारी आवडते म्हणून नव्हे. त्या जगात दुसरं काय करता येईल हे त्यांना ठाऊक नसतं, म्हणून.

आपल्याकडे न लिहिलेल्या नाटकाची एक जुनी वाट आहे. कोकणातल्या दशावतारात पाठ करायची संहिता नसते. आज कोणतं आख्यान हे ठरतं, कोण कुणाची भूमिका करणार हे ठरतं, आणि नट रंगभूषा करता करता एकमेकांशी दोन शब्द बोलून रात्रभर स्वतःच्या जिभेवर नाटक उभं करतात. हे जमतं, कारण आख्यानाचं नाव घेतलं की त्या जगातले नातेसंबंध, वैरं, वरदानं आणि शाप नटाला आणि समोर बसलेल्या म्हातारीलाही माहीत असतात. आयत्या वेळच्या बोलण्यामागे जुनं, सगळ्यांनी मिळून सांभाळलेलं ज्ञान उभं असतं.

संगणकावरच्या शब्दखेळाची सुरुवातही अशाच माहितीच्या जागेतून झाली, हे फार जणांना ठाऊक नसतं. विल क्राउदर हा प्रोग्रामर गुहांमध्ये फिरणारा, त्यांचे नकाशे करणारा माणूस होता. १९७५-७६च्या सुमारास त्याने आपल्या मुलींसाठी जो शब्दखेळ लिहिला, त्यातली गुहा केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या एका भागावर बेतलेली होती. तो त्या भागातून स्वतः सरपटत गेला होता. पुढे १९७७मध्ये डॉन वुड्सने त्यात जादूची भर घातली, पण खालचा दगड खरा राहिला. १९९०मध्ये पावेल कर्टिसने लॅम्डामू हे अनेकांनी मिळून वावरायचं शब्दांचं घर उभारलं, तेव्हा त्याचा गाभा होता त्याचं स्वतःचं कॅलिफोर्नियातलं घर. नवा माणूस त्या जगात प्रकटायचा तो कोट ठेवायच्या कपाटात. दोघांनीही आधी आपल्या पायाखालची जागा लिहिली, अद्भुताला नंतर आत घेतलं.

अशा खेळांमध्ये प्रत्येक जागेचा एक मजकूर असतो: जागेचं नाव, तिथे काय आहे, आणि कोणत्या दिशेला वाट आहे. हा घाट मराठीला नवा वाटू नये. महानुभावांची स्थानपोथी चौदाव्या शतकातली. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले-बसले त्या जागांची ती नोंद आहे. देऊळ कोणत्या दिशेला, त्याचं दार कुणीकडे, कुठल्या बाजूला मठ, कुठे पटीशाळा. आजही पोथी हातात धरून त्या अंगणात उभं राहता यावं इतकी ती नेमकी आहे. जागा शब्दांत अशी बांधायची की परका माणूस आत चालत यावा, ही कला मराठी गद्याने जवळजवळ जन्मल्याबरोबर साधली होती. आज इंग्रजी नमुना समोर ठेवून जागेचं वर्णन लिहिणाऱ्या मुलांना हे कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

तर केदारखेडा घ्या. सर्वात आधी पाणी. अजिंठ्याच्या डोंगरात उगवून गोदावरीकडे जाणारी ही पूर्णा. (सातपुड्यातून निघून तापीला मिळते ती निराळी.) पावसाळ्यात पात्र भरून येतं, उन्हाळ्यात वाळू उघडी पडते. त्या वाळूत ओल असते, आणि काठच्या विहिरी त्या ओलीवर जगतात. वाळूला शहरात भाव आहे. आता खेळ लावून पाहा. एका पात्राने दिवाळीनंतर रात्री चार ट्रॅक्टर वाळू भरू दिली, कारण बहिणीच्या लग्नाचं देणं होतं. दुसऱ्या पात्राची विहीर चैत्रात तळाला गेली. या दोघांचं बांधाला बांध लागून शेत आहे आणि एकमेकांच्या घरी जेवणं आहेत. यात राक्षस घालायची गरज नाही. कुणी दुष्ट नाही आणि तरीही काहीतरी भयंकर होऊ घातलंय, हे या तालुक्यातल्या पंधरा वर्षांच्या मुलीलाही न सांगता कळेल. पुढचं ती स्वतः लिहील.

अमेरिकेत १९९१मध्ये सुरू झालेला आर्मागेडन नावाचा एक शब्दखेळ आहे. त्याचं जग वाळवंटी, तिथे पाण्याला मोल. खेळाडूला आपल्या पखालीवर सतत लक्ष ठेवावं लागतं आणि या टंचाईमुळे त्या जगातला प्रत्येक व्यवहार धारदार होतो. त्या लोकांना तहान कल्पनेने रचावी लागली. जालना जिल्ह्याने २०१२-१३चा दुष्काळ अंगावर काढला आहे. वर्षानुवर्षं लेकरासारख्या वाढवलेल्या मोसंबीच्या बागा वाळल्या आणि लोकांनी स्वतःच्या हाताने झाडं तोडली. टँकर येऊन विहिरीत पाणी ओतायचा आणि भोवती पोहरे पडायचे. तेव्हा कुणाची दोरी लांब, कुणाला पुढे सरकू दिलं, कुणी म्हातारीची घागर आधी भरून दिली, या एका प्रसंगावर महिनाभर खेळता येईल.

सगळंच कोरडं नको, हेही खरं. अंगारकीच्या रात्री राजूरच्या गणपतीला पायी निघालेली माणसं घ्या. अंधार, वाटेवरचे चहा-फराळाचे स्टॉल, अनोळखी माणसाशी चालता चालता जुळलेलं बोलणं. रात्र सरेपर्यंत एक माणूस दुसऱ्याला असं काही सांगतो जे घरी कधी बोलला नसता. दूरचं आणि दिपवणारं हवं असेल तर भोकरदन आहेच. त्याचं जुनं नाव भोगवर्धन. भारहुत आणि सांचीच्या दानलेखांत ते येतं. १९७३मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी तिथे उत्खनन केलं. त्यात मिळालेली एक हस्तिदंती मूर्ती १९३८मध्ये इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी इतकं साम्य दाखवते की पॉम्पेईची मूर्ती या बाजूच्या कारागिरीशी जोडणारे अभ्यासक आहेत. केळणेच्या काठी हस्तिदंत कोरणारा एक माणूस, आणि त्याच्या हातचं काम समुद्रापार. ज्याला ड्रॅगनशिवाय करमत नाही त्याने एकदा हे जग उघडून पाहावं.

असईवर इंग्रजीत आधीच लिहिलं गेलंय. बर्नार्ड कॉर्नवेलची १९९८ची ‘शार्प्स ट्रायम्फ’ ही कादंबरी त्याच लढाईची, आणि वाचक तिथे पोचतो तो इंग्रजांच्या फौजेतल्या शार्पच्या खांद्यावरून. लेखकाने आपल्या माणसाच्या बाजूने पाहिलं, त्यात वावगं काय? पलीकडच्या बाजूला शिंद्यांचे गोलंदाज होते. फळी मोडल्यावर त्यांच्यातले काही मेल्याचं सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले आणि शत्रू पुढे गेल्यावर उठून त्याच्या पाठीवर तोफा डागल्या. आणि पिंपळगाव-वरूडची माणसं होती. ज्यांच्या रोजच्या वाटेने ती फौज पार झाली, त्यांची २४ सप्टेंबरची सकाळ कशी उगवली? कुणी पाण्याला गेलं असेल का? ती भूमिका अजून कुणी घेतलेली माझ्या पाहण्यात नाही, आणि ती घ्यायला लागणारी समज आपल्याच मुलांकडे आहे.

यात भाषेचा एक पेच आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो. इंग्रजीत ‘मी आत गेलो’ आणि ‘मी आत गेले’ एकच. मराठीत पहिलंच पाऊल टाकताना पात्र बाई की बुवा हे सांगावं लागतं. पण ‘मी दार उघडलं’, ‘मी पत्र वाचलं’ यात ते कळत नाही. म्हणजे ज्या खेळाडूला आपली ओळख काही काळ झाकून ठेवायची आहे त्याला मराठीत तशी वाट आहे, फक्त ‘गेलो-गेले’सारख्या रूपांपासून जपून राहावं लागतं. तेच संबोधनाचं. ‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’, ‘काका’ की ‘पाटील’, हे ठरल्याशिवाय साधा प्रश्नही विचारता येत नाही. ‘कामून’ म्हणणारा आणि ‘का बरं’ म्हणणारा यांच्यात एका शब्दात अंतर पडतं. एल्फांच्या सराईत हे सगळं सपाट होऊन जातं. केदारखेड्याच्या पारावर मात्र एक चुकलेलं ‘तू’ पुढच्या तीन दिवसांचा खेळ घडवतं.

आता माझ्या म्हणण्याला असलेला खरा विरोध. केदारखेड्यातलं पोरगं रात्री अकराला फोन उघडतं ते केदारखेड्यातून बाहेर पडायला. दिवसभर ते ‘कुणाचा रे तू?’ आणि मग ‘आडनाव काय?’ यांना उत्तर देत असतं. एल्फाला आडनाव नसतं. त्या परक्या किल्ल्यात त्याला पहिल्यांदा कुणी खालून वर न्याहाळत नाही. आपण कोणत्या तोंडाने त्याला परत त्याच पारावर नेऊन बसवायचं? हा आक्षेप मी बरेच दिवस मनात घोळवला आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही.

जेवढं आहे ते सांगतो. पात्राच्या माहितीत जातीचा रकाना ठेवू नये. तिथे परदेशी खेळांत ‘वंश’ निवडायला देतात, त्या जागी जात बसवणं हे मला असह्य वाटतं. पण गावातून ती पुसूनही टाकू नये, कारण मग गाव खोटं होतं आणि खेळाडूला काही ताडता येत नाही. ती जागेत ठेवावी: कोणत्या वस्तीकडे डांबरी रस्ता वळतो आणि कुठे संपतो, एवढं लिहिलं तरी पुरे. भूमिका मात्र मोकळी हवी. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडांमध्ये महाराचं, जोशाचं, गोंधळ्याचं तोंड घेऊन बोलायचं धाडस केलं. त्या काळच्या महाराला उलट बाजूने तसं बोलणं शक्य नव्हतं. ती उलटी वाट फार उशिरा, सत्यशोधक आणि पुढे आंबेडकरी जलशांनी खुली केली. चेहरा न दिसणाऱ्या या खेळात दोन्ही बाजूंनी जाता येतं. पाटलाच्या मुलाने टँकरच्या रांगेत शेवटी उभं राहून लिहावं, रांगेत उभी राहणाऱ्या मुलीने ग्रामसभेचं अध्यक्षपद घेऊन पाहावं. एल्फ होऊन आडनाव विसरता येतं, पण दुसऱ्याच्या आडनावानिशी एक उन्हाळा काढता येत नाही. दुसऱ्याच्या पात्राची मानहानी आपण लिहायची नाही, एवढा एक नियम सगळ्यांनी आधी कबूल करून घ्यावा. ज्याला तरीही किल्ल्यात जायचं असेल त्याला जाऊ द्यावं.

मला मांडायला सांगितलं तर मी पहिला मजकूर असा लिहीन:

पूल. खाली पूर्णा, पात्रात पाणी नाही. दिवस उगवायला अजून वेळ आहे. भोकरदनच्या बाजूने गाडीचा दिवा दिसत नाही. पुलाखाली, मावळतीच्या अंगाला, वाळूत हातभर खोल खणलेला झिरा. त्याच्या कडेला एक दोरी पडली आहे, बादली नाही. दोरीचं टोक ओलं आहे.