बाळंतिणीच्या ओझ्याचे मोजमाप

बाळंतपणानंतर आईवर पडणाऱ्या ओझ्याचे दोन भाग असतात. रात्री किती वेळा उठावे लागले, सलग झोप किती मिळाली, कोणती कामे एकटीने उरकावी लागली, हे बाहेरून मोजता येते. त्याने मनाचे काय झाले, हे तिने सांगितल्याशिवाय कळत नाही. मनोरुग्णांच्या घरांचा अभ्यास करताना होनिग आणि हॅमिल्टन यांनी १९६६ मध्ये वस्तुनिष्ठ व व्यक्तिनिष्ठ भार असा हा भेद मांडला. बाळंतिणीच्या बाबतीत त्यातून नैतिक प्रश्न उभा राहतो: स्वतःच्या लेकराच्या संगोपनाला भार म्हणण्याची मुभा आईला आहे का?

प्रसूतीनंतरच्या नैराश्याच्या चाचपणीसाठी जगभर वापरली जाणारी एडिंबरा मापनश्रेणी कॉक्स, होल्डन आणि सॅगोव्स्की यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. मागच्या सात दिवसांविषयी दहा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०. बेरीज १३ किंवा अधिक आली की पुढची तपासणी करतात. काही ठिकाणी १० लाच सावध होतात. ही श्रेणी मनःस्थिती विचारते, कामाचा भार नाही. शिवाय सगळी भिस्त आईच्या उत्तरावर.

ते उत्तर कसे दिले जाते, हे पाहण्यासारखे आहे. दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशा सेविका तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी येते. बाळाला झोळीत घालून वजन करते, तापमान पाहते. आईला ताप, रक्तस्राव, जेवण यांविषयी विचारते. अशा वेळी मन कसे आहे असा प्रश्न निघाला आणि सासूबाई शेजारी बसलेल्या असल्या, तर ‘सगळं बरं आहे’ यापलीकडे काय निघणार? कागदावर पडलेले शून्य तेव्हा सुखाचेही असू शकते आणि धाकाचेही.

या धाकामागे मातृत्वाचा आदर्श आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत आचार्य शिष्याला आईला देव मानण्यास सांगतात. तो उपदेश मुलाला आहे, कर्तव्य मुलाचे आहे. व्यवहारात मात्र तो आईकडूनच वसूल होतो: देव थकत नाही, म्हणून आईनेही थकू नये. वचनाचा हा उलटा वापर परंपरेवरही अन्याय करणारा आहे. त्याच परंपरेत सुवेराचे दहा दिवस बाळंतिणीला चूल आणि देवघर यांपासून दूर ठेवत. तिला किती शीण झाला हे कुणी विचारत नसे, तरी स्वयंपाकातून सुटका मिळे. पण या सुटकेचे कारण अशौच मानले गेले, तिचा विसाव्याचा हक्क नव्हे. म्हणून मुदत संपली की सुटकाही संपली.

ओझे केवळ तिच्या मनात नसते, हे गोव्यातल्या अभ्यासाने दाखवले. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या पाहणीत प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाली ही नाराजी यांचा त्याच्याशी संबंध दिसला. म्हणजे गुण आईच्या नावावर मांडले जातात, पण ते वाढवणारी माणसे कागदावर कुठेच नसतात.

अमेरिकन तत्त्वज्ञ एव्हा फेडर किटे यांनी १९९९ च्या ‘लव्ह्ज लेबर’ या ग्रंथात इथेच बोट ठेवले आहे. बाळाची काळजी घेणारी स्वतःची काळजी घेण्यास मोकळी नसते. म्हणून तिची काळजी इतरांनी घेणे हा न्यायाचा भाग आहे, उपकाराचा नाही. आईचे ऋण फिटत नाही असे आपल्याकडे म्हणतात, आणि ते फेडायचे तर मूल मोठे होण्याची वाट पाहतात. किटे यांच्या विचारानुसार ते देणे आजचे आहे, आणि ते बाळाचे नसून नवऱ्याचे, घराचे, शासनाचे आहे. या दृष्टीने मोजमापाचा अर्थ बदलतो. आकडा म्हणजे आईची परीक्षा नव्हे. तिच्या भोवतालच्यांवर पडलेली ती मागणी ठरते. झोपेचे तास आणि रात्री बाळाला कोण घेते, हेही मग गुणांइतक्याच काळजीने नोंदवावे लागते.

मात्र दोन आयांचे गुण सारखे आले म्हणजे दुःख सारखे, असे नाही. एडिंबरा श्रेणीचा वापरही हे एका जागी मान्य करतो. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. त्याला होकार आला, तर एकूण बेरीज कितीही कमी असो, त्या बाईकडे त्याच दिवशी लक्ष दिले जाते.