नाव कोणाचे लावावे?



धम्मबंधू आणि भगिनींनो, सायकलीचा आणि धम्माचा काय संबंध, असे आपण विचाराल. मलाही तो आधी दिसला नव्हता. पण एका जुन्या फ्रेमवर कोणाचे नाव लावायचे हा प्रश्न समोर आला, आणि दर रविवारी विहारात सवयीने म्हटले जाणारे चौथे शील माझी वाट अडवून उभे राहिले.

मी बर्मिंगहॅमला राहतो. माझे वडील मुंबईत परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये वेल्डर होते. लोखंडाची ओढ त्यांच्याकडूनच आली असावी. हाताने घडवलेल्या जुन्या ट्रॅक रेसिंग सायकली मिळवायच्या, ओळखायच्या आणि नीट करायच्या, हा माझा छंद. या सायकली वेलोड्रोमवर, म्हणजे कडेला चढ दिलेल्या लंबगोल धावपट्टीवर पळवण्यासाठी बनत. लंडनमधला हर्न हिलचा वेलोड्रोम 1891 सालचा. 1948 च्या ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या सायकल शर्यती तिथेच झाल्या. ट्रॅकच्या सायकलीला ब्रेक नसतो, गिअर नसतो, फ्रीव्हीलही नसते. चाक फिरते तोवर पायडल फिरतच राहते.

दोन वर्षांपूर्वी मी अशीच एक फ्रेम विकत घेतली. रंग उडालेला, नावाचा मागमूस नाही. विकणारा म्हणाला, “लंडनच्या एका मोठ्या कारागिराची आहे.” त्याने घेतलेले नाव ऐकून मी हुरळलो आणि पैसे मोजून मोकळा झालो. तपासायला बसलो ते घरी आल्यावर.

अशी फ्रेम ओळखताना नाव सगळ्यात शेवटी येते. आधी अंग पाहायचे. मागच्या चाकाचा आस बसतो ती खाच मागच्या बाजूला उघडी आहे का? ट्रॅकच्या फ्रेमला ती तशी असते. पुढच्या चिमट्याच्या नळ्या गोल आहेत की चपट्या? रस्त्यावरच्या सायकलीला बहुधा चपट्या, ट्रॅकला बहुधा गोल. गिअरची तार अडकवायला काही डाखलेले आहे का? सीटचा दांडा 27.2 मिलिमीटरचा बसत असेल, तर नळ्या पातळ आणि चांगल्या पोलादाच्या असण्याचा संभव मोठा. ‘रेनॉल्ड्स 531’ हे नावाजलेले पोलाद 1935 साली आमच्या याच बर्मिंगहॅममधून बाजारात आले. मग फ्रेम उलटी करून पायडलचा आस ज्या नळीत बसतो तिच्या तळाशी ठोकलेला नंबर वाचायचा, आणि चिमट्याच्या दांड्यावर तोच नंबर आहे का हे बघायचे. दोन्ही नंबर जुळले, तर चिमटा आणि फ्रेम जन्मापासून सोबत आहेत असे धरायला हरकत नाही.

माझ्या फ्रेमची ही सगळी अंगे चांगली निघाली. सांध्यांवरचे पितळी डाखकाम इतके स्वच्छ होते की वडिलांनी त्यावरून दोनदा बोट फिरवले असते. पण नंबर? त्या कारागिराच्या नंबरांची पद्धत जाणणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांना मी फोटो पाठवले. त्यांचे उत्तर एका ओळीत आले: काम उत्तम आहे, पण त्यांचे नाही.

आता मोह कुठे होता ते सांगतो. जुन्या कारागिरांच्या नावाची स्टिकर्स आजही हुबेहूब छापून मिळतात, आणि ती प्रामाणिक कामासाठीच छापलेली असतात. रंग द्यायचा, ते नाव चिकटवायचे, एवढेच बाकी होते. नावासकट किंमत तिप्पट झाली असती. फसवलो तर मीही गेलो होतो, मग नुकसान मीच का सोसावे?

धम्मवर्गाला जाणाऱ्या माझ्या मुलीने नकळत या मोहाला हत्यार पुरवले. वर्गात नुकतीच नागसेन आणि मिलिंद राजाची गोष्ट झाली होती. भन्ते नागसेन राजाला विचारतात, आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? दांडा म्हणजे रथ का? कशालाही ‘हाच रथ’ म्हणता येत नाही. सगळे भाग एकत्र आले की त्याला आपण रथ म्हणतो. मुलगी म्हणाली, “बाबा, मग सायकलसुद्धा नुसते नावच ना? आतमध्ये ‘खरी’ अशी काही नाहीच, तर कोणतेही नाव लावले म्हणून काय बिघडले?”

आपण काय उत्तर दिले असते? मला ते लगेच सुचले नाही. दोन दिवसांनी जे सुचले ते असे. रथाच्या आत ‘रथ’ नावाचा गाभा नाही, हे खरे. पण म्हणून भन्तेंनी त्याला हत्ती म्हटले नाही. नाव हा माणसामाणसांमधला करार आहे. तो कराराच्याच जोरावर चालतो, म्हणून त्यातला खोटेपणा जास्त घातक. सोन्याला पितळ म्हटले तरी सोने कसाला लावून पाहता येते. सायकल कोणी घडवली, हे मात्र कसोटीच्या दगडावर उमटत नाही. तिथे सांगणाऱ्याच्या शब्दाखेरीज दुसरा आधार फार थोडा. गाभा नाही, मग उरते काय? कोणत्या हातांनी काय केले, याची साखळी. खोटे नाव ती साखळीच तोडते.

आणि यात दुसरे शीलही मोडते, हे मला उशिरा उमजले. खोट्या नावाने घेणारा फसतो, हे उघड आहे. पण ज्याने ती फ्रेम खरोखर घडवली, त्या अनाम माणसाचे काम मी उचलून आधीच नावाजलेल्याच्या खात्यावर जमा करणार होतो. न दिलेले घेणे म्हणतात ते याहून वेगळे काय?

या धंद्यात असे पूर्वीपासून होत आले आहे. कितीतरी दुकाने फ्रेम बाहेरच्या कारागिराकडून घडवून घेत आणि तिच्यावर आपले नाव लावत. वळणदार मागच्या नळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ‘हेचिन्स’ सायकलींवर नाव असे लंडनच्या टॉटनहॅममधले दुकानदार हायमन हेचिन यांचे. त्या घडवणारे हात जॅक डेनी यांचे होते. डेनींचे नाव आज जाणकार आदराने घेतात. बाकीच्या शेकडो हातांचे काय? माझ्या वडिलांनी सांधलेल्या डब्यांमधून लाखो माणसे फिरली असतील. एकाही डब्यावर त्यांचे नाव नाही. ज्या समाजाच्या श्रमाचे श्रेय पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांच्या नावे लिहिले गेले, त्यातला मी, आणि तेच एका अनाम कारागिराशी करायला निघालो होतो.

ट्रॅकच्या इतिहासातले एक नाव आपल्या मुलांना जरूर सांगावे: मेजर टेलर. हा कृष्णवर्णीय अमेरिकन 1899 साली माँट्रियलला जगज्जेता ठरला. वर्णद्वेषामुळे त्याला शर्यतींतून डावलले जाई, धावपट्टीवर त्याच्या अंगावर माणसे धावून जात. 1932 मध्ये शिकागोत तो गरिबीत वारला आणि त्याला निनावी पुरले गेले. 1948 साली जुन्या सायकलपटूंनी सायकल कारखानदार फ्रँक श्विन यांच्या मदतीने त्याला त्याच दफनभूमीत चांगल्या जागी पुन्हा पुरले आणि त्याच्या नावाचा फलक लावला. ज्याचे नाव त्याला परत देणे, हाही जीर्णोद्धारच आहे.

आता थोडे अवघड बोलतो. परदेशातल्या आपल्या मंडळींच्या जेवणावळीत “तुमचे आडनाव काय? मूळचे कुठले?” हा प्रश्न कशासाठी येतो, ते आपण जाणतो. मीही एकदा गावाचे नाव सांगून विषय बदलला आहे. ते पाप होते का? मला तसे वाटत नाही. ज्या फ्रेमवर नावच नाही ती खोटे बोलत नाही. भीतीपोटी गप्प राहणाऱ्याला दोष देण्याआधी ती भीती निर्माण करणाऱ्याला विचारले पाहिजे. पण भाव वाढावा म्हणून उसनी प्रतिष्ठा चिकटवणे वेगळे. तसे केले की जन्माच्या लेबलावरून माणसाची किंमत ठरते, हे आपणच कबूल करतो. बाबासाहेबांनी आपल्याला ज्यातून बाहेर काढले, त्याच बाजारात आपण पुन्हा भाव करायला उभे राहतो.

ती सायकल आता पूर्ण झाली आहे. गर्द निळा रंग दिला, नाव लावले नाही. पुढच्या चिमट्यात नंतर कोणीतरी पाडलेले ब्रेकचे भोक आहे. ट्रॅकची सायकल रस्त्यावर चालवण्यासाठी, कदाचित रोज कामावर जाण्यासाठी, ते पाडले असावे. जाणकार म्हणाले, बुजवून टाका. मी ते राहू दिले. तोही त्या साखळीतलाच एक दुवा आहे. सीटच्या नळीत एक चिठ्ठी गुंडाळून ठेवली आहे. तिच्यात फ्रेमचा नंबर, मी कोणते भाग बदलले, कोणते जुने ठेवले, आणि शेवटी एक ओळ: ‘घडवणारा अज्ञात, हात कुशल.’

घेणारा आला, तेव्हा ती चिठ्ठी मी त्याला आधी वाचायला दिली. त्याने माझ्या खरेदीपेक्षा थोडेच जास्त दिले. रंगाचा खर्चही पुरता निघाला नाही.

आपल्या घरातही अशी एखादी वस्तू असेल: आजीची गोधडी, वडिलांची हत्यारे, बाबासाहेबांच्या सभेहून आलेला एखादा फोटो. ती कोणी केली, कोणी जपली, हे ठाऊक असलेली माणसे हयात आहेत तोवर त्यांना विचारा आणि लिहून ठेवा. जेवढे ठाऊक तेवढेच लिहा, त्यात भर घालू नका.

भवतु सब्ब मंगलं!