अनध्याय, सुटी आणि घरचा काळ

शाळा कोणत्या दिवशी भरवावी आणि कोणत्या दिवशी बंद ठेवावी, हा आज शिक्षण खात्याचा विषय आहे. भारतीय परंपरेत तो फार आधीपासून धर्मशास्त्राचा विषय होता. वेदाध्ययन कधी थांबवायचे याचे नियम धर्मसूत्रांपासून मनुस्मृती आणि याज्ञवल्क्यस्मृतीपर्यंत बारकाईने दिलेले आहेत. या दिवसांना अनध्याय म्हणत. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा आणि अमावास्या हे ठरलेले अनध्याय. शिवाय प्रसंगाने उद्भवणारे वेगळे. याज्ञवल्क्याने अशा तात्कालिक अनध्यायांची संख्या ३७ सांगितली आहे. कोल्हा ओरडला, धुळीचे वादळ उठले, धुके दाटले, जवळ प्रेत असले, मोठ्या योग्यतेचा पाहुणा घरी आला, की तेवढ्यापुरता पाठ बंद. सगळे वर्षही असेच आखलेले असे. श्रावणीला उपाकर्म करून अध्ययन सुरू करायचे, साडेचार महिने ते चालवायचे आणि पौषात उत्सर्जन करायचे. त्यानंतर शुक्ल पक्षात वेद आणि कृष्ण पक्षात वेदांगे.

ही यादी आज वाचणाऱ्याला गमतीची वाटते. पाहुणा आला म्हणून वर्ग सोडणारी शाळा कोणत्या पालकाला चालेल? पण यादीमागे एक ठाम भूमिका आहे. शिकणे ही दिवसात कुठेही बसवता येणारी गोष्ट नाही, त्या दिवसाला ती मानवावी लागते. वाल्मीकी रामायणाच्या सुंदरकांडात कृश झालेल्या सीतेला प्रतिपदेला पाठ करणाऱ्याच्या विद्येची उपमा दिली आहे. चुकीच्या दिवशी केलेला अभ्यास विद्या वाढवत नाही, उलट झिजवतो, हा त्यातला समज. मात्र नियम सरसकट नव्हता. रोजचा नित्य स्वाध्याय आणि होमाचे मंत्र यांना अनध्याय लागू नाही, असे मनूनेच सांगितले आहे. म्हणजे गुरूपुढची शाळा बंद राहिली तरी घरचा पाठ चालूच. आणि हे सारे त्रैवर्णिक पुरुषांपुरते होते, हेही विसरता येत नाही. बाकीच्यांच्या वाट्याला बारमाही अनध्याय होता.

आधुनिक शाळेने बारमाही अनध्याय संपवला, हे तिचे सर्वांत मोठे काम. ते करताना तिने काळाची कल्पनाही बदलली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास अध्यापन ठरवून दिले आहे. महाराष्ट्रात रविवार सोडून वर्षाच्या सुट्या ७६ च्या वर जाऊ नयेत, असा दंडक आहे. दरवर्षी निघणाऱ्या सुट्यांच्या परिपत्रकात आणखी एक वाक्य ठरलेले असते. उन्हाळ्याची किंवा दिवाळीची दीर्घ सुटी कमी करून तेवढे दिवस गणेशोत्सव, नाताळ अशा सणांना शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने समायोजनाने घेता येतील, अशा अर्थाचे. नव्या व्यवस्थेचे सगळे तत्त्वज्ञान त्या समायोजनात आले. दिवस मोजता येतो, म्हणून तो एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवता येतो. ऑक्टोबरमधले चार दिवस आणि सप्टेंबरमधले चार दिवस यांची बरोबरी होते.

दोन्ही भूमिकांना भारतीय दर्शनांत आधार सापडतो. वैशेषिकांच्या मते काळ हे एकच, नित्य आणि सर्वव्यापी द्रव्य आहे. क्षण, दिवस, महिना हे भेद सूर्याच्या गतीसारख्या उपाधींमुळे भासतात. काळ स्वतः ना शुभ ना अशुभ. शिक्षण खाते नकळत याच मताचे आहे. मीमांसकांचा रोख वेगळा. विहित कर्माचे काळ हे एक अंग आहे. अमावास्येला सांगितलेले कर्म दशमीला केले तर ते उशिरा झालेले नसते, झालेलेच नसते. नित्यकर्म चुकले तर प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो. कुटुंबाची अडचण इथून सुरू होते, कारण मूल शाळेत वैशेषिक असते आणि घरी मीमांसक.

मराठी घरात ही दुहेरी नोंद भिंतीवरच दिसते. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये सुरू केलेले ‘कालनिर्णय’ एका खिळ्याला, शाळेचे सुट्यांचे पत्रक त्याच्या शेजारी किंवा फ्रिजवर. चौकटीत तारीख ठळक, तिथी बारीक. उरलेल्या जागेत पेनाने दुधाचा हिशेब, सिलिंडर लावल्याची खूण आणि घटक चाचणीचा दिवस. तिथी आणि तारीख यांचा मेळ कधीच पक्का बसत नाही. अधिक महिना आल्याने २०२३ मध्ये गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला गेली, २०२५ मध्ये ती २७ ऑगस्टलाच आली. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होते, पुढच्या वर्षी १ नोव्हेंबरला. सहामाही परीक्षा सणाआधी उरकायची की सणानंतर, हा प्रश्न त्यामुळे दरवर्षी नव्याने पडतो. चाकरमान्यांच्या घरात त्यावरच कोकणची गाडी कोणत्या तारखेची काढायची ते ठरते. गोव्यात चवथीला शाळांना मोठी सुटी असते. मुंबईत शिकणाऱ्या कोकणी मुलाने मात्र गौरी-विसर्जनाआधी परतायचे का, याचा निर्णय घरच्यांवर सोपवलेला असतो, आणि पुष्कळदा चार दिवसांची दांडी हाच तो निर्णय.

धर्म या ओढाताणीत अगदीच लवचीक नाही, असेही नाही. धर्मशास्त्रात मुख्य काळाबरोबर गौण काळही सांगितला आहे. ठरलेली वेळ हुकली तर अमुक मर्यादेपर्यंत ते कर्म चालते. तिथीचा घोळ झाला तर काय करावे यासाठी ‘निर्णयसिंधु’ आहे, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री पाध्ये यांनी लिहिलेला ‘धर्मसिंधु’ आहे. गृहस्थांनी या सवलतीचा फायदा मनापासून घेतला. सत्यनारायणाची पूजा तिथीला फारशी बांधलेली नाही, म्हणून ती रविवारी होते. संक्रांतीचे हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत कधीही चालते, म्हणून ते मुलांच्या शाळेला आणि बायकांच्या नोकरीला सोयीच्या शनिवार-रविवारी होते. पितृपक्षातली तिथी चुकली तर सर्वपित्री अमावास्या आहेच. शहरी घरांत टिकलेली व्रते पाहिली, तर हलवता येणारी व्रते वाढली आणि न हलणारी बव्हंशी आजीपुरती उरली, असे दिसते. धर्माच्या या फेररचनेत कोणत्याही सुधारकापेक्षा शाळेच्या वेळापत्रकाचा हात मोठा असावा.

ज्या रविवारी सत्यनारायणाची पूजा होते, तो मुळात ख्रिस्ती प्रार्थनेचा दिवस. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो मागितला आणि १० जून १८९० रोजी मिळवला. रविवार हा खंडोबाचा वार आहे, असे त्यांनी मागणीच्या समर्थनार्थ मांडल्याचे सांगितले जाते. मालकाचा चर्चचा दिवस, कामगाराचा जेजुरीचा दिवस आणि पुढे सगळ्यांचाच कपडे धुण्याचा दिवस अशी तीन रूपे एका वाराने घेतली.

सर्वांत मजेशीर उलटापालट मुंजीची झाली. उपनयन म्हणजे मुलाला अध्ययनासाठी गुरूकडे नेण्याचा संस्कार. ब्राह्मण बटूसाठी त्याचा काळ वसंत ऋतू. आज तो वैशाखात, मे महिन्याच्या सुटीत होतो, आणि मुहूर्त पाहताना शाळा कधी संपते हे आधी पाहिले जाते. विद्यारंभाचा संस्कार विद्येला सुटी असताना उरकला जातो, यात कोणाला विसंगती वाटत नाही. ऋतू तोच राहिला, हे खरे; त्यामागचे कारण मात्र बदलले.

ज्याला गौण काळच नाही, अशा आचाराचे काय? आषाढी वारीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तुकोबांची पालखी देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला आणि ज्ञानोबांची आळंदीहून अष्टमीला निघते. २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या बहुतांश शाळा १६ जूनला उघडल्या आणि पालख्यांनी १८ व १९ जूनला प्रस्थान ठेवले. नव्या वह्यांना कव्हरे घालायच्या आठवड्यातच वारकऱ्याच्या घरातून माणसे बाहेर पडतात. मुलाने तीन आठवडे चालायचे ठरवले, तर वर्षाचा पहिला महिनाच जातो. शाळेने यावर स्वतःचा तोडगा काढला आहे, तो म्हणजे शाळेची दिंडी. काळा अंगरखा आणि पुठ्ठ्याचा मुकुट घातलेला विठ्ठल, नऊवारीतली रखुमाई, डोक्यावर प्लास्टिकची तुळस घेतलेल्या मुली, पुढे पीटीच्या सरांची शिट्टी. मैदानाला एक फेरी, मग राजगिऱ्याचा लाडू. २०२५ मध्ये एकादशी रविवारी आली, तेव्हा अनेक शाळांनी ही दिंडी शनिवारीच काढली. मुलांना त्यात आनंद मिळतो, आणि तो खोटा नाही. पण वारीत मुख्य गोष्ट चालणे आहे, आणि नेमके तेच समायोजनात बसत नाही.

रमजानचे गणित याहून कठीण. हिजरी वर्ष चांद्र असल्याने रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०१९ मध्ये तो मे महिन्यात, म्हणजे सुटीत होता. २०२५ मध्ये तो मार्चच्या सुरुवातीला लागला, तेव्हा दहावीची परीक्षा चालू होती. आजारी आणि प्रवासी यांना रोजा पुढे भरून काढण्याची मुभा आहे. परीक्षार्थी त्यांत येत नाही. उर्दू शाळा या महिन्यात सकाळच्या सत्रात भरवण्याची पद्धत आहे, पण मराठी किंवा इंग्रजी माध्यमातला मुलगा आपल्या वर्गाच्या वेळेनेच जातो. ईदची तारीख चंद्रदर्शनावर ठरते, त्यामुळे उद्या डबा करायचा की शिरखुर्मा, हे आदल्या संध्याकाळपर्यंत नक्की नसते. नियम सर्वांना सारखा असला, तरी त्याचे ओझे सारखे नसते. ज्या धर्माचे आचार तिथीला सैल बांधलेले आहेत त्याला समान वेळापत्रक हलके जाते, ज्याचे घट्ट बांधलेले आहेत त्याला जड.

इतर देशांनी या पेचाला दिलेली उत्तरे एकमेकांपासून फार दूर आहेत. फ्रान्समध्ये २८ मार्च १८८२ च्या कायद्याने सरकारी प्राथमिक शाळेतून धर्मशिक्षण काढले गेले. पण त्याच कायद्याने रविवारखेरीज आठवड्यातला आणखी एक दिवस शाळा बंद ठेवायला लावली, पालकांना हवे तर शाळेबाहेर मुलांना धर्मशिक्षण देता यावे म्हणून. आधी हा दिवस गुरुवार होता, १९७२ पासून बुधवार. राज्याने धर्म शिकवला नाही, त्यासाठी वेळ मात्र सोडला. न्यूयॉर्क शहराने दुसरी वाट धरली आणि सुट्यांची यादीच वाढवत नेली. तिथल्या सरकारी शाळांच्या यादीत २०१५ मध्ये दोन्ही ईद आल्या. दिवाळीचा कायदा नोव्हेंबर २०२३ मध्ये झाला. त्या वर्षी दिवाळी रविवारी असल्याने पहिली खरी सुटी १ नोव्हेंबर २०२४ ला मिळाली. अमेरिकेतल्या मराठी घरांना हा बदल सुखावणारा होता, तरी महाराष्ट्र मंडळांचे गणपती आजही बव्हंशी शनिवार-रविवार पाहूनच बसतात.

यादी वाढवण्याच्या वाटेला अंत नाही, ही तिच्यावरची रास्त हरकत. प्रत्येक पंथाचा दिवस घेतला तर २२० दिवस भरायचे कसे? उलट सगळे दिवस काढून टाकले तर वेळापत्रक धर्मनिरपेक्ष होईल, हेही खरे नाही. रविवार उरतोच, आणि बहुसंख्यांच्या सणाला वर्ग आपोआप रिकामे राहतात. निव्वळ तटस्थ दिनदर्शिका कुठेच नसते. त्यामुळे कोणाच्या श्रद्धेला किती दिवस, या मोजणीपेक्षा न बसणाऱ्या दिवसाची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न अधिक खरा आहे. गैरहजेरी लागते मुलाला, रजा टाकते आई, आणि शाळा मात्र नियमाप्रमाणे चाललेली असते. सणाच्या गैरहजेरीला दंड नाही आणि त्या दिवशी परीक्षा नाही, एवढे दोन नियम पाळले तरी यादी न वाढवता ही किंमत पुष्कळ खाली येते.

कायद्यात याला जागा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ ने शैक्षणिक दिनदर्शिका ठरवण्याचे काम स्थानिक प्राधिकरणाकडे दिले आहे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित राज्यानंतर उघडतात. म्हणजे हवामानासाठी वेळापत्रक वाकते. गावच्या जत्रेसाठीही ते मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या सुटीने थोडे वाकते. पोटासाठी मात्र फारसे वाकत नाही. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. दुसरे सत्र जवळजवळ सगळे या काळात जाते. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. आजी-आजोबांकडे राहून शिकणारीही आहेत. त्यांच्या घरी मे महिन्यात आईवडील असतात आणि लग्ने, जत्रा, नवस असे सगळे वर्षाचे धार्मिक व्यवहार त्या सुटीत कोंबले जातात. २०२५ मध्ये गोव्याने सहावीपासूनच्या वर्गांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू केले, तेव्हा पालकांनी विरोध केला. तसाच बदल ऊसतोडीच्या पट्ट्यात झाला, तर नवे शैक्षणिक वर्ष टोळ्या गावी परतण्याच्या सुमारासच सुरू होईल.