कशाला हवे?

काही प्रश्न दिसायला अगदी साधे असतात. पण ते कोण विचारतो आणि कोठे विचारतो यावर त्यांचा सारा अर्थ अवलंबून असतो. 'कशाला हवे?' हा असाच एक प्रश्न. आईने मुलाला विचारला तर त्यात माया असते. वाण्याने गिऱ्हाइकाला विचारला तर त्यात धंदा असतो. पण कचेरीतल्या टेबलापलीकडून तो आला की चांगल्या माणसालाही आपण काहीतरी चोरायला आलो आहोत असे वाटू लागते.

मी राहतो पेणला आणि शिकवतो रोह्याला. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पुढे चित्रकला-शिक्षकाचा वर्ग केला आणि त्यावर पोट चालले. कासू, नागोठणे, निडी अशी स्टेशने मोजत गेली वीस वर्षे मी गाडीने ये-जा करतो आहे, आणि माझ्या कादंबऱ्यांतली निम्मी पाने या गाडीतच लिहिली गेली आहेत. आकड्यांशी माझा संबंध पगारपत्रकापुरता. असे असून मी आकड्यांच्या नादी कसा लागलो, ते सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गाला मी 'आमची नदी' हा विषय दिला होता. रोह्याच्या मुलांची नदी म्हणजे कुंडलिका. सगळी मुले निळ्या रंगाच्या वड्या ओल्या करू लागली. एक मुलगी मात्र हातात कुंचला धरून नुसती बसून राहिली. मी विचारले, तर म्हणाली, "सर, पाण्याला रंग कोणता देऊ? दिसतो तो, की असायला हवा तो?"

मला उत्तर देता आले नाही. चित्रकलेच्या पुस्तकात याचे उत्तर नाही. दिसतो तो रंग पावसाळ्यात एक, चैत्रात दुसरा. वर धाटावची रासायनिक कारखानदारी, खाली खाडी. डोळ्यांना कळते ते अर्धेमुर्धे. मग नदीच्या पाण्याची तपासणी करणाऱ्यांनी काय लिहून ठेवले आहे ते तरी पाहावे, असे मनात आले आणि मी एका कचेरीत गेलो. कुठल्या ते सांगत नाही. सांगून काही साधणारही नाही. तिथल्या भाऊसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "कशाला हवे?"

"मुलांना सांगायचे आहे."

"मुलांना? तक्रार-बिक्रार करायची नाही ना, मास्तर?"

मी नाही म्हणालो. मग दहा रुपयांचा स्टॅम्प लावून अर्ज करा, असे सांगण्यात आले. अर्ज केला. दुसऱ्या दिवशी शाळेत ही बातमी माझ्या आधी पोचली होती. शिक्षकांच्या खोलीत एक सहकारी हसत म्हणाले, "काय गुरुजी, निवडणुकीला उभे राहताय की काय?" साधे पाणी कसे आहे ते विचारले, तेवढ्यात मी कोणाच्या तरी विरुद्ध उभा राहिलो होतो.

त्याच शनिवारी संध्याकाळी मी वाचनालयात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी पुस्तकाचा क्रमांक विचारला, कार्डावर तारीख टाकली आणि पुस्तक माझ्या हाती दिले. ते कशाला हवे, हे त्यांनी विचारले नाही. गेल्या वीस वर्षांत त्यांनी ते एकदाही विचारलेले नाही. मी विषावरचे पुस्तक नेले तरी विचारले नाही, कामशास्त्रावरचे नेले तरी विचारले नाही. त्या दिवशी प्रथमच माझ्या लक्षात आले की, आपल्या गावात मागणाऱ्याच्या मनात न शिरता त्याला हवे ते हाती देणारी ही एकच सार्वजनिक जागा आहे.

मौज अशी की कायदाही हेच म्हणतो. २००५च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात सहाव्या कलमाखाली स्पष्ट लिहिले आहे की, माहिती मागणाऱ्याला कारण विचारायचे नाही. वाचनालयाच्या सभासदाला जी प्रतिष्ठा पूर्वीपासून आपोआप मिळत आली, ती नागरिकाला मिळावी म्हणून देशाला कायदा करावा लागला! त्याच कायद्याचे चौथे कलम आणखी पुढे जाते. प्रत्येक कार्यालयाने आपण काय करतो, किती खर्चतो, कोणाला काय देतो, हे कोणी न मागताच जाहीर करावे. आणि लोकांसाठी वाचनालय किंवा वाचनकक्ष ठेवला असेल तर त्याच्या वेळाही कळवाव्यात, असे त्यात आहे. सरकारी कागद आणि वाचनकक्ष यांची सांगड घालण्याचे कायदा करणाऱ्यांना सुचले होते. आपल्याला मात्र ते अजून सुचलेले नाही.

यावर कोणी म्हणेल की, आता सारे उघडेच आहे, मास्तर. तुम्ही कुठल्या काळात आहात? ते खोटे नाही. केंद्र सरकारने २०१२ साली आकड्यांसाठी स्वतंत्र संकेतस्थळ काढले. पुण्याच्या महापालिकेने नागरिकांना दर सोमवारी कागदपत्रे पाहण्याची मुभा दिली, आणि २०१८च्या नोव्हेंबरात राज्य शासनाने सोमवारी दुपारी तीन ते पाच ही वेळ इतर कार्यालयांनाही लावून दिली. कुंडलिकेच्या पाण्याचे आकडेही प्रदूषण नियंत्रण मंडळ आपल्या संकेतस्थळावर ठेवते. ज्यासाठी मी अर्ज घेऊन फिरलो, ते पुढे शाळेच्या संगणकावर मला सापडले. पण सापडले म्हणजे काय? इंग्रजी आद्याक्षरांचा एक तक्ता. मी तो एखाद्या अडाण्याने पोथीकडे पाहावे तसा पाहत राहिलो. कपाट उघडे होते, पण आतल्या वस्तूला हात कसा लावायचा ते ठाऊक नव्हते. कुलूप काढले म्हणून दार उघडत नाही; कोणीतरी ते ढकलावे लागते.

माझ्या मते खरा नैतिक प्रश्न येथे आहे. माहिती झाकून ठेवणे हा दोष आहे, हे आता सारेच मान्य करतात. परंतु ती कोणाला कळणार नाही अशा रीतीने उघडी ठेवली, तर कर्तव्य संपले काय? मला वाटते, संपत नाही. आपल्या भाषेनेच हे ओळखले आहे. 'वाचणे' याचा अर्थ मनात वाचणे, आणि 'वाचणे' याचाच अर्थ जिवंत राहणे. जे वाचले जात नाही ते वाचत नाही.

आपल्याकडे चावडीवाचन ही जुनी रीत आहे. तलाठ्याने गावापुढे बसून कोणाच्या नावावर काय लिहिले आहे ते मोठ्याने वाचायचे. सातबारा संगणकावर चढवला तेव्हा २०१७ साली शासनाने ही रीत पुन्हा राज्यभर चालवली. कारण उघड आहे. संगणक कितीही शहाणा असला, तरी बांधापलीकडचे आंब्याचे झाड कोणाचे हे गावच जाणते. राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावी १९९४च्या डिसेंबरात मजुरांची हजेरीपत्रके अशीच लोकांपुढे वाचली गेली, आणि कामावर कधी न आलेल्या माणसांची नावे ऐकून लोक एकमेकांकडे पाहू लागले. माहितीच्या अधिकाराची चळवळ अशा वाचनांतून वाढली. कागद तोच, आकडे तेच. फक्त ते ज्यांच्याविषयी होते त्यांच्या कानांवर पडले.

आणि न वाचल्याने काय होते, तेही आमच्या पेणने पाहिले आहे. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी जायच्या होत्या, तेव्हा २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले. देशात असे क्वचितच घडले असेल. म्हातारी माणसे काठी टेकत मत द्यायला आली. बहुतेकांचा कौल विरोधी असल्याचे वर्तमानपत्रांतून आले. पण निकाल अधिकृतपणे गावापुढे वाचला गेला नाही. पुढे तो प्रकल्प झाला नाही, जमिनी राहिल्या. तरीही मला वाटते की, ज्याने मत दिले त्याला त्याच्या मताची बेरीज सांगणे हे त्याचे देणे होते. जमीन वाचली, पण ते देणे फिटले नाही.

वाचनालयांनी या भानगडीत का पडावे, असे आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी मला विचारले. त्यांचे म्हणणे असे की, वाचनालय हे सरस्वतीचे स्थान. तेथे नगरपरिषदेची गटारे आणू नका. शिवाय १९६७च्या ग्रंथालय कायद्यापासून आपण सरकारी अनुदानावर आहोत. वर्ग 'ब'चा 'क' व्हायला वेळ लागत नाही. त्यांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण आमच्याच कपाटात कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटियर आहे. त्याची पहिली आवृत्ती १८८३ची, सुधारलेली १९६४ची. त्यात मिठागरे आहेत, भाताची खाचरे आहेत, बंदरे आहेत, माणसांची मोजदाद आहे. ते सरकारी आकडेच आहेत. जुने झाले म्हणून ते सरस्वतीच्या स्थानी शोभतात, आणि या वर्षाचे तेवढे राजकारण! ज्या रोह्यात चिंतामणराव देशमुखांचे बालपण गेले, तेथे तरी असे म्हणू नये. त्यांनी कालिदासाचे मेघदूत मराठीत आणले, आणि भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्षपदही वर्षानुवर्षे सांभाळले. अंक आणि अक्षर यांत त्यांना सोवळे-ओवळे दिसले नाही.

दूरदेशी हे होतही आहे. अमेरिकेत चॅटानूगा नावाच्या गावी २०१४ साली शहराच्या उघड्या आकड्यांचे दालन तेथील सार्वजनिक ग्रंथालयानेच चालवायला घेतले. दर मार्च महिन्यात जगात ठिकठिकाणी अशा आकड्यांचा एक दिवस पाळतात. नगराचे अधिकारी आणि नागरिक एका टेबलाशी बसतात. मला त्यातल्या यंत्रांचे कौतुक नाही. टेबल कोणाचे, याचे आहे. कचेरीच्या टेबलाला दोन बाजू असतात. वाचनालयाच्या टेबलाला चारही बाजूंनी वाचकच बसतात.

हे मला कळले तेही एका शनिवारी. तेच भाऊसाहेब मला वाचनालयाच्या काउंटरवर दिसले. एका रहस्यकथेचा दुसरा भाग मागत होते. मी मागून हळूच म्हणालो, "कशाला हवे?" ते दचकले, मग खळखळून हसले. बाकावर बसल्यावर म्हणाले, "मास्तर, तुम्हाला राग आला असेल. पण आम्हाला विचारावे लागते हो. उद्या त्या कागदावरून कोणी बोट दाखवले, तर साहेब मला विचारणार, दिलेस कशाला?" म्हणजे त्यांनाही तोच प्रश्न वरून येत होता. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर तो कोणीतरी खालच्याला विचारत असतो, आणि सर्वांत खालच्या पायरीवर माझ्यासारखा उभा असतो.

त्यानंतर आम्ही एक छोटे काम केले. वाचनालयाच्या दाराशी फळा आहे. त्यावर रोज सुविचार लिहितात. महिन्यातून एकदा सुविचाराच्या खाली मंडळानेच जाहीर केलेले नदीचे आकडे मराठीत लिहायचे ठरले, आणि त्या संध्याकाळी भाऊसाहेब बाकावर बसून ते समजावणार होते. पहिल्या दिवशी अकरा माणसे आली. पाण्यातली घाण कुजवताना प्राणवायू किती खर्ची पडतो, त्यावरून पाणी जोखतात. अंघोळीच्या पाण्याला लिटरमागे तीन मिलिग्रॅम ही मर्यादा, एवढे सांगायला त्यांना अर्धा तास लागला. पण त्या अर्ध्या तासात कोणी कोणाला कशाला हवे म्हणून विचारले नाही. चित्र काढणारी ती मुलगीही आली होती. तिने वहीत आकडा उतरून घेतला आणि रंगाचे काही विचारले नाही.

एक शंका मात्र मला अजून सोडत नाही, आणि ती झाकून ठेवली तर या लेखाला अर्थ नाही. उघडे किती करावे? २०११च्या जनगणनेत प्रगणक म्हणून मी पेणजवळच्या एका कातकरी वाडीत गेलो होतो. घरोघर बसून माणसे लिहिली. एक आजी दारात बसून सारे पाहत होती. निघताना म्हणाली, "गुरुजी, एवढं लिहून नेता. आम्हाला वाचून कधी दाखवणार?" मी म्हणालो, "येईन आजी." गेलो नाही.

घराघरांतले दारिद्र्य फळ्यावर मांडणे हे पाप आहे. जनगणनेचा १९४८चा कायदाही एकेका घराची नोंद गुप्त ठेवतो, आणि ते योग्यच आहे. सार्वजनिक पैसा, सार्वजनिक पाणी, सार्वजनिक निर्णय यांचे आकडे उघडे असावेत. माणूस झाकलेला असावा. पण याच सबबीखाली मी माझा आळस झाकला. शेजाऱ्याची नोंद मला वाचायची नव्हतीच. साऱ्या गावाची बेरीज, किती माणसे, किती साक्षर, ती तर छापून आली होती. ती घेऊन जायला कोणत्या कायद्याने अडवले होते?

२०२१ची जनगणना झाली नाही. २०२७च्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. पुन्हा याद्या होतील, पुन्हा शिक्षकांच्या हाती काम येईल, बहुधा माझ्याही. त्याआधी एकदा त्या वाडीवर जायचे मी ठरवले आहे. जुनी बेरीज मोठ्या अक्षरांत कागदावर उतरून ठेवली आहे. आजी असतील की नाही, ठाऊक नाही. नसल्या तर जो कोणी दारात बसला असेल त्याला ती वाचून दाखवीन. तो बहुधा विचारील, "आता हे आम्हाला कशाला हवे?" आणि माझ्या साऱ्या आयुष्यात या प्रश्नाचे उत्तर देणे मला प्रथमच भाग पडेल.