कागद खरे, गाडी खोटी

आधी एका प्रश्नाचं सरळ उत्तर दे. पैसे मोजण्यापूर्वी त्या गाडीच्या चेसिस नंबरावरून तुझं बोट फिरलं होतं का? नाही ना? एजंटने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला होता म्हणतोस. आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा ट्रेड पास झालेला मुलगा चेसिस नंबर फोटोत बघतो! नंबरावर कागद धरून, वरून पेन्सिल घासून प्रिंट काढायला वर्कशॉपमध्ये कशासाठी शिकवलं होतं? जर्नलची पानं भरायला?

‘सर, मी फसलो,’ हे आल्यापासून तुझं चाललंय. फसलास, मान्य. पण कसा फसलास ते तुला अजून कळलेलं नाही. ते कळेपर्यंत माझ्याकडून सहानुभूतीची अपेक्षा ठेवू नकोस. चहा मिळेल, तोही नंतर.

तुला वाटतंय त्यांनी तुझ्या हातात खोटे कागद दिले. अरे, कागद खोटे असते तर एमपरिवहन ॲपवर नंबर टाकल्याबरोबर बिंग फुटलं असतं. कागद अस्सल आहेत. खोटी आहे ती गाडी. हा धंदा कसा चालतो ऐक. हरियाणात कुठेतरी एका गाडीचा चुराडा होतो. दुरुस्ती परवडत नाही म्हणून विमा कंपनी ती टोटल लॉस धरते, मालकाला पैसे देते आणि सांगाडा लिलावात निघतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवायचं असतं, म्हणजे नोंदणी रद्द होते. पण पैसे हातात पडले की त्या कामासाठी खेटे कोण घालतो? गाडी मरते, आरसी जिवंत राहते. चोरांच्या टोळीला सांगाड्याशी कर्तव्यच नसतं, तिला ती आरसी हवी असते. मग त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी रस्त्यावरून उचलायची. पुश-स्टार्टची असेल तर आत शिरून ओबीडी पोर्टला यंत्र जोडायचं आणि कोरी चावी प्रोग्रॅम करायची, काही मिनिटांचं काम. मूळ नंबर ग्राइंडरने उडवायचा, मेलेल्या गाडीचा नंबर त्या जागी पंच करायचा. झाली ओळख तयार. ॲपवर तुला सगळं हिरवं दिसलं, दिसणारच. ॲप मेलेल्या गाडीबद्दल खरं तेच सांगत होतं, आणि तू ते दारातल्या गाडीबद्दल समजून वाचत होतास.

आता गाडी काय सांगत होती ते बघू. तिने काही लपवलं नव्हतं रे. कार्पेट उचललं असतंस तर तो नंबर दिसला असता. कारखान्यातला नंबर एका ओळीत, एका खोलीचा असतो. हाताने हातोडी मारून पंच केलेला आकडा एक वर, एक खाली, एक खोल, एक उथळ. आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे, त्यावर पुट्टी, पुट्टीवर रंग. पत्र्याचा तुकडाच कापून वेल्ड केला असेल तर वेल्डची कड बोटाला लागते. बोटाला, फोटोला नव्हे. सतरा अक्षरांचा नंबर, त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधी नसतात, पहिल्या तीन अक्षरांवरून कंपनी ओळखायची, एमए३ म्हणजे मारुती, एमएएल म्हणजे ह्युंदाई, एमएटी म्हणजे टाटा. हे मी फळ्यावर लिहीत होतो तेव्हा तू खिडकीतून बाहेर बघत होतास का?

सीटबेल्ट पूर्ण ओढून खालचं लेबल वाचलं होतंस? त्यावर बेल्ट बनल्याची तारीख असते. तुझी आरसी म्हणते गाडी २०१८ची आणि बेल्टवर २०२० लिहिलंय. चारही दारांच्या बेल्टवर! एखादा बेल्ट बदलला असं म्हणता आलं असतं. चारही कोण बदलतं? चावी एकच, तीही नवी कोरी. ‘दुसरी हरवली’ यावर तू मान डोलावलीस. २०१८ची हरियाणाची गाडी आणि पुढे-मागे साध्या पाट्या. हाय सिक्युरिटी पाटीवर लेसरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक असतो, ती पुन्हा न उघडणाऱ्या लॉकने बसवतात, काढायची म्हणजे तोडावीच लागते. इथे आपल्याकडे जुन्या गाड्यांना त्या पाट्या बसवायच्या मुदतीवरून वर्षभर गावभर आरडाओरडा चालला होता, तरी तुझ्या मनात आलं नाही की या गाडीची पाटी कुठे गेली?

आणि गाडीची किंमत काय? बाजारात त्या मॉडेलला जे पडतात त्याच्या जवळजवळ निम्मे. कारण विचारलंस तर एजंट म्हणाला, ‘दिल्लीकडे डिझेल गाड्या बंद, म्हणून काढतायत.’ यात अर्धं सत्य आहे, म्हणून तर ते चालतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिल्ली परिसरातल्या दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांत येतात, आपल्याकडेही येतात. पण तुझी गाडी आरसीप्रमाणेसुद्धा दहाची झालेली नव्हती. दहा वर्षांचा नियम तिला कुठून लागला? वजाबाकी येते ना तुला? मांजर डोळे मिटून दूध पितं तसे तू डोळे मिटलेस. निम्म्या किमतीत पांढरी एसयूव्ही दारात उभी राहणार होती, वजाबाकी केली असतीस तर ती राहिली नसती.

बँकेने वाहनकर्ज दिलं नाही. का नाही दिलं, तेही तू विचारलं नाहीस, पर्सनल लोन काढून मोकळा झालास. जे बँकेच्या बाबूला खटकलं ते मेकॅनिकला खटकू नये? मालकाला तू कधी भेटला नाहीस, तो म्हणे दुबईला. त्याच्या सहीचे हस्तांतरणाचे फॉर्म २९ आणि ३० कोरे, तुझ्या हातात. व्यवहार कुठे झाला, तर हायवेवरच्या हॉटेलच्या पार्किंगमध्ये. १ एप्रिल २०२३ पासून वापरलेल्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचनाही द्यावी लागते. ते प्रमाणपत्र बघायला मागितलं असतंस तर तो माणूस चहाचे पैसेसुद्धा न देता उठून गेला असता.

गाडी नावावर का नाही केलीस, हे तू मला सांगितलंच नाहीस, पण मला कळतं. इथला कर वाचवायचा होता. घेणाऱ्याने तीस दिवसांत हस्तांतरणाचा अर्ज करायचा असतो आणि परराज्यातली गाडी इथे बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी लागणारी एनओसी, फॉर्म २८, घेऊन तू आरटीओत गेला असतास तर गाडी निरीक्षकासमोर उभी करावी लागली असती, चेसिसचा प्रिंट द्यावा लागला असता. तिथेही वेळेला डोळेझाक होते, आरटीओतलेच लोक अशा प्रकरणांत सापडलेत, हे मला माहीत आहे. तू मात्र ती एक संधीही दिली नाहीस. शेवटी सर्व्हिस सेंटरमधल्या पोराने स्कॅनर लावला आणि ईसीयूमधून वेगळाच नंबर निघाला. चोरांनी पत्रा बदलला, आतल्या संगणकाला मात्र विसरले. तुझ्यापेक्षा वयाने लहान असलेल्या पोराने नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये जे पकडलं, ते तुला लाखो रुपये मोजताना सुचलं नाही.

आता तुझ्या दुसऱ्या वाक्याकडे येतो. तुझा मेव्हणा म्हणतो, ‘गाजावाजा करू नका, कोणाला तरी खपवून टाकू.’ हे वाक्य तू माझ्या घरात, माझ्यासमोर उच्चारलंस. रागाने नाही सांगत, कायदा सांगतो, नीट ऐक. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७, जुनं भादंविचं ४११. माल चोरीचा आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला कारण असून जो तो बेइमानीने घेतो किंवा ठेवतो, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद. किमतीपासून पाटीपर्यंत मी आत्ता मोजली ती सगळी कारणंच आहेत, आणि पोलिसही तीच मोजणार. तरी काल संध्याकाळपर्यंत तुला म्हणता येत होतं की मला समजलं नाही, आणि ते खरं होतं. स्कॅनरवर दुसरा नंबर बघितल्यावर ते म्हणायची सोय संपली. आता विकलीस तर ती फसवणूक, कलम ३१८, सात वर्षांपर्यंत. मेव्हणा तुरुंगात डबा घेऊन येईल का, विचारून ठेव.

आणि पैसे? विसर. म्हणजे लगेच विसरू नकोस, दावा कर, पण भरवसा ठेवू नकोस. १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम २७ साधं आहे, विकणाऱ्याकडे जेवढी मालकी तेवढीच घेणाऱ्याला मिळते. चोराकडे शून्य होती, तुला शून्य मिळाली. तू किती मोजलेस याच्याशी कायद्याला घेणंदेणं नाही. पोलीस गाडी जप्त करतील. जप्त वाहनं ठाण्यात कुजत ठेवू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सांगितलंय, त्यामुळे कदाचित ती लवकर सुटेलही. पण सुटेल ती ज्याची आहे त्याच्याकडे, किंवा त्याला भरपाई दिलेल्या विमा कंपनीकडे. तो खरा मालक एकदाही तुझ्या तोंडी आला नाही. सकाळी उठून रिकामं पार्किंग बघितलं असेल त्याने, फिर्याद दिली असेल. कदाचित गाडी नसताना तिचे हप्ते भरतोय. तुझ्या रडगाण्यात त्याला जागा नाही.

कामाचं बोलू. गाडी जिथे आहे तिथेच राहू दे, चालवू नकोस, धुवू नकोस, चेसिस नंबराला हात लावू नकोस. वरचा आकडा घासला तरी पंचाखाली दबलेला धातू वेगळा वागतो, न्यायवैद्यकवाले त्यावर आम्ल लावून मूळ नंबर वर काढतात. तुझं कुतूहल त्यांच्या कामात नको. सर्व्हिस सेंटरकडून स्कॅनचा छापील रिपोर्ट तारखेसह घे. एजंटशी झालेलं एकही चॅट पुसू नकोस, कॉल लॉग आणि बँकेचं स्टेटमेंट काढ. रोख दिलेले दीड लाख, त्याची पावती नाही म्हणतोस, तरी एटीएममधून काढल्याच्या नोंदी असतील, त्या जोड. ईसीयूमधला नंबर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या यादीत टाकला की चोरीची फिर्याद कुठली ते पोलिसांना सापडेल. हरियाणाचा नंबर टाकून ती यादी तू आधीच बघितली असतीस तरी काही दिसलं नसतं, कारण चोरी त्या नंबराची झालेलीच नाही. एजंटला मात्र फोन करू नकोस. ‘पैसे परत दे नाहीतर पोलिसांत जातो’ असं म्हणालास की तो आधी सिमकार्ड फेकून देईल.

वकील आज रात्री गाठ, माझ्या ओळखीचा आहे, नंबर देतो. उद्या सकाळी त्याला बरोबर घेऊन ठाण्यात जा आणि तू तक्रारदार म्हणून जा. पोलीस तुझ्या दारात आले तर तू आरोपीच्या रांगेत उभा असशील. आईवडिलांना आजच सांग, बाहेरून कळायच्या आत. मेव्हण्याला काही सांगू नकोस. पर्सनल लोनचा पाच तारखेचा हप्ता तुझ्या खात्यातून जाणारच आहे, गाडी असो नसो. तो चुकवू नकोस.