ठिगळ आणि सचोटी

जुन्या मोटारीचा गंजलेला पत्रा कापून नवा जोडला, तर गाडी तीच राहिली काय? वैनगंगेकांठीं, गडचिरोली जिल्ह्यांतील मार्कंडा येथें आम्हांस याचें उत्तर सांपडलें. तेथील मुख्य देवळाचें शिखर वीज पडून ढासळलें; पुढें एका गोंड राजानें ओबडधोबड खांबांनीं तें सांवरलें, असें सांगतात. तें ठिगळ झांकलेलें नाहीं. म्हणूनच देऊळ खोटें झालें नाहीं.

जीर्ण भाग बदलणें हा दोष नव्हे. नवें जुनें म्हणून खपविणें हा दोष. गंजावर लांबी भरून रंग दिला, तरी गंज आंत वाढतच राहतो. मौनाचेंहि तसेंच. आमची गाडी विकतांना बदललेल्या पत्र्याविषयीं आम्हीं बोललों नाहीं. घेणारानें विचारलें नव्हतें, हें खरें. पण आम्हांस ठाऊक होतें, हेंहि खरेंच.