सुरकुत्या झाकणे म्हणजे खोटे बोलणे काय?

लग्नसमारंभ असो, शाळेचे संमेलन असो की विहारातील कार्यक्रम, आपल्या घरांत एक वाद हमखास ऐकू येतो. चाळिशी ओलांडलेली एखादी भगिनी डोळ्यांच्या कडेच्या बारीक रेषा उठून दिसू नयेत म्हणून थोडे क्रीम, थोडे फाउंडेशन लावते. लगेच घरातील एखादा जाणता पुरुष म्हणतो, "आपण बौद्ध झालो, आता हा नट्टापट्टा कशाला? वय लपविणे म्हणजे अनित्यता नाकारणे. हे खोटेच झाले." टोमणा लहान असतो, पण तो ऐकून एखादी बाई त्या दिवशी विहारात येतच नाही. ज्या गोष्टीमुळे माणूस धम्मापासून दूर जातो ती क्षुल्लक समजू नये. तिचा विचार विवेकाने केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा की, शीलात विलेपनाला मनाई आहे. ही मनाई कोठे आहे ते नीट पाहू. गृहस्थाने रोज पाळावयाच्या पंचशीलात ती नाही. ती अष्टशीलात आहे. उपोसथाच्या दिवशी उपासक-उपासिका स्वेच्छेने अष्टशील घेतात, तेव्हा नृत्य-गीताबरोबर माळा, गंध, विलेपन व अलंकार यांचाही त्याग करतात. तो त्याग आरशापासून मनाला एक दिवस विसावा मिळावा म्हणून आहे. इतर दिवशी पावडर लावणारीला शीलभ्रष्ट ठरविण्यासाठी तो नाही. आणि अष्टशील घेणाऱ्या पुरुषालाही ते तितकेच लागू आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सुरकुती झाकणे हा मुसावाद, म्हणजे असत्य भाषण, नव्हे काय? पाली अट्ठकथांत असत्य भाषणाची चार अंगे सांगितली आहेत. गोष्ट खरी नसणे, फसविण्याचे चित्त असणे, त्यासाठी प्रयत्न करणे आणि समोरच्याला ते समजणे. यातील दुसरे अंग महत्त्वाचे आहे. जिचे वय साऱ्या वस्तीला ठाऊक आहे, ती चेहऱ्यावर हलका हात फिरवून कोणाला फसविते? इस्त्रीचे कपडे घालणारा कापडाच्या चुण्या झाकतो, म्हणून आपण त्याला लबाड म्हणतो काय? मिशांना कलप लावणाऱ्या गृहस्थांना तर कोणीच शीलाची आठवण करून देत नाही! शील हे स्वतःला तपासण्यासाठी आहे, पत्नीला व सुनेला मारण्याची काठी म्हणून नव्हे.

मात्र याच कसोटीने खरे असत्यही ओळखता येते. सोयरीक जुळविताना फोटोच्या आणि रंगरंगोटीच्या आधारे वय दहा वर्षांनी कमी सांगितले, तर तेथे फसविण्याचे चित्त आहे. डबीतील लेपाने सुरकुत्या कायमच्या नाहीशा होतील असे सांगून ती विकणारा तर उघडच खोटे बोलतो.

कारण मेकअपने सुरकुती जात नाही. सुरकुती ही त्वचेतील बारीक घडी असते. तिच्यात सावली पडते म्हणून ती दिसते. लेप फक्त ती सावली सौम्य करतो. तोही जाड थापला तर घडीत साचतो, काही तासांनी भेगाळतो आणि रेष होती त्याहून ठळक दिसते. म्हणून जाणत्या स्त्रिया आधी त्वचा ओलसर राखणारे क्रीम लावतात, मग अगदी पातळ थर बोटाने थोपटून बसवितात आणि डोळ्यांजवळ पावडर जेमतेमच लावतात.

या रेषा येतात कशाने? वयाने येतात, हसण्याने, डोळे बारीक करून पाहण्याने येतात. आणि फार मोठ्या प्रमाणात उन्हाने येतात. उन्हातील अतिनील किरण त्वचेतील कोलॅजन व इलास्टिन या तंतूंची हानी करतात. ज्या मातेने वीस वर्षे शेतात खुरपले, रस्त्यावर खडी वाहिली, तिच्या चेहऱ्यावर त्या लवकर उमटतात. तिच्या श्रमातून घरातील मुले शिकली. त्या रेषांची लाज तिने का बाळगावी?

खरा प्रश्न येथे आहे. आपण हे स्वाभिमानाने करतो की लाजेने? डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना राहणी बदलण्याचा उपदेश केला. लुगडे नेसण्याची पद्धत बदला, अस्पृश्यतेची खूण पटविणारे कथलाचे व चांदीचे अवजड दागिने टाका, असे त्यांनी सांगितले. म्हणजे दिसणे ही त्यांच्या दृष्टीने फालतू बाब नव्हती. माणसाने ताठ मानेने उभे राहावे हा त्यामागचा हेतू होता. हाच हेतू आपण धरावा. आनंदाने थोडी प्रसाधने लावून सभेत बसणारी भगिनी ताठ मानेनेच बसते. पण लेपाशिवाय उंबरा ओलांडण्याची जिला भीती वाटते, तिने कथलाच्या जागी नवी बेडी घातली आहे.

वैशालीच्या आम्रपालीचे उदाहरण बोलके आहे. रूपासाठी ती प्रसिद्ध होती. पुढे भिक्खुणी झाल्यावर तिने रचलेल्या गाथा थेरीगाथेत आहेत. केस, डोळे, दात, आवाज पूर्वी कसे होते आणि आता कसे झाले, हे ती एकेक करून सांगते. त्यात तारुण्याचा तिरस्कार नाही, म्हातारपणाचे रडगाणेही नाही. जसे आहे तसे पाहणे आहे. असे पाहता आले की चेहऱ्याला काही लावले काय आणि न लावले काय, मन बिघडत नाही.

म्हणून भगिनींनो, लावावेसे वाटले तर लावा. पण मुलांच्या फीचे पैसे त्यात घालू नका. उन्हात जाताना पदर, छत्री किंवा सनस्क्रीन वापरा. त्याचा उपयोग कोणत्याही लेपाहून अधिक आहे. उजळपणाच्या व तारुण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही क्रीममध्ये पारा आणि स्टेरॉइड सापडले आहेत. पारा मूत्रपिंडांना अपाय करतो, स्टेरॉइडने त्वचा पातळ होते. घटक न छापलेली डबी घरात आणूच नका. रात्री चेहरा धुतल्यावर आरशात जी दिसते, तिच्याकडेही मैत्रीने पाहा.

आणि बंधूंनो, घरातील स्त्रीच्या चेहऱ्यावरची रेष दिसली, तर ती कोणत्या कष्टाने उमटली याचा आधी विचार करा. करुणा तेथूनच सुरू होते.